सरासरीला भुलू नका, फरक पारखून घ्या



रास घरी आली की पारावर एक गोष्ट हमखास निघते. "यंदा टॉनिक फवारलं त्या तुकड्यात ज्वारी जास्त पडली. पुढच्या साली सगळ्याच रानाला फवारावं का?" प्रश्न पैशाचा आहे, म्हणून उत्तर विचारानेच दिले पाहिजे.

आधी माझीच चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका गावात रब्बी ज्वारीचे दोन तुकडे पाहिले. फवारलेल्या तुकड्यात गुंठ्याला चार किलो जास्त निघाले होते. मी चावडीवर सांगून मोकळा झालो, "फवारा!" पुढच्या साली बऱ्याच जणांनी पैसे घातले, पण फरक कुणालाच दिसला नाही. तेव्हा एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले, "साहेब, ते दोन तुकडे सारखे होते का?" जाऊन पाहिले, तर फवारलेला तुकडा विहिरीखालचा, खोल काळ्या जमिनीचा, दुसरा माळाकडचा, मुरमाड. वाढ ओलीची होती आणि श्रेय मी औषधाला दिले.

मग तुलना करायची कशी? एकाच रानात सहा जागा निवडा. प्रत्येक जागी शेजारी-शेजारी एकेक गुंठ्याचे, म्हणजे ३३ फूट लांब-रुंद असे दोन तुकडे आखा. दोघांच्या मध्ये चार ओळी राखीव ठेवा, त्या मापात धरू नका. बियाणे, खत, पेरणीचा दिवस सारखाच. औषध कोणत्या तुकड्यावर, हे नाणे उडवून ठरवा. नाही तर हात आपोआप चांगल्या तुकड्याकडे जातो. दुसऱ्यावर तेवढेच साधे पाणी फवारा. मळणी वेगवेगळी करा, दाणे सारखे वाळवा आणि एकाच काट्यावर वजन करा.

आता प्रत्येक जोडीतला फरक मांडा. समजा दोन शेतकऱ्यांना किलोमध्ये असे फरक मिळाले:

पहिला : ३, १, ४, २, उणे १, ३
दुसरा : ८, उणे ३, ६, उणे ४, ७, उणे २

दोघांचीही बेरीज १२ आणि सरासरी २ किलो. पण पहिल्याकडे सहापैकी पाच जोड्या एकाच बाजूने बोलतात, दुसऱ्याकडे तीन इकडे आणि तीन तिकडे. नुसती सरासरी हे सांगत नाही.

ते सांगते टी-कसोटी. ती १९०८ साली विल्यम गॉसेट यांनी मांडली. ते डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत होते आणि बार्लीचे थोडेच नमुने हाताशी असताना निर्णय कसा घ्यावा, असाच त्यांचा प्रश्न होता. कंपनीच्या नियमामुळे त्यांनी लेख 'स्टुडंट' या टोपणनावाने छापला.

रीत अशी. पहिल्या शेतकऱ्याच्या प्रत्येक फरकातून सरासरी २ वजा करा : १, उणे १, २, ०, उणे ३, १. यांचे वर्ग करून बेरीज घ्या : १६. जोड्यांपेक्षा एक कमी, म्हणजे ५ ने भागा : ३.२. पुन्हा जोड्यांच्या संख्येने, ६ ने भागा : ०.५३. त्याचे वर्गमूळ ०.७३, ते मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर निघते. आता सरासरी २ ला ०.७३ ने भागा : २.७४. सहा जोड्यांसाठी कोष्टकातला आकडा २.५७ आहे. आपला आकडा त्याहून मोठा, म्हणून फरक भरवशाचा. दुसऱ्या शेतकऱ्याचा आकडा याच रीतीने फक्त ०.८८ येतो. त्याने एवढ्यावर खिसा मोकळा करू नये.

भरवशाचा म्हणजे काय? औषधात काहीच गुण नसता, तर नुसत्या योगायोगाने एवढा मोठा आकडा १०० त ५ वेळांहूनही कमी आला असता. ही खात्री नव्हे. म्हणून पुढच्या हंगामात प्रयोग पुन्हा करा. तसेच आकडा लहान आला म्हणजे औषध कुचकामी, असेही नाही. पुरावा अपुरा आहे, एवढेच. जोड्या वाढवून पाहा. ८ जोड्यांना कोष्टकातला आकडा २.३६ आणि १० जोड्यांना २.२६ धरा. तुकडे जोडीने घेतले नसतील तर गणित वेगळे. ते सहायक कृषी अधिकाऱ्याकडून करून घ्या.

शेवटी व्यवहार. गुंठ्याला २ किलो म्हणजे एकराला ८० किलो. त्याची बाजारभावाने किंमत काढा, त्यातून औषध आणि मजुरी वजा करा. काही उरत असेल तरच सगळ्या रानाला फवारा. फरक खरा असूनही न परवडणारा असू शकतो.

लक्षात ठेवा : तुकडे सारखे, नाणे उडवून निवड, निदान सहा जोड्या, वजन काट्यावर, आणि निर्णय कसोटीनंतर. कुणी एकाच तुकड्याचे कणीस हातात घेऊन आले, अगदी माझ्यासारखा अधिकारी आला, तरी त्या बाबांचा प्रश्न विचारा : "साहेब, ते दोन तुकडे सारखे होते का?"