एका माणसाचे गाव

गावाच्या नावाखाली लोकसंख्येचा आकडा एक, अशी पाटी मी २०१९ च्या उन्हाळ्यात पाहिली. ओमाहाला राहणाऱ्या भाच्याने मोटार थांबवली, तेव्हा सभोवार गवताळ माळ पसरलेला होता. अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या उत्तर सीमेजवळचे ते गाव मॉनोवाय.

१९०२ साली रेल्वे आली आणि गाव वसले. १९३० च्या सुमारास वस्ती दीडशेच्या घरात होती. पुढे यंत्रांमुळे थोड्या हातांनी पुष्कळ जमीन पिकू लागली आणि तरुण शहरांकडे गेले. १९६० मध्ये चर्चमधला शेवटचा अंत्यविधी झाला. १९६७ ते १९७० या काळात टपालकचेरी व किराण्याची दुकाने बंद पडली. १९७४ साली शाळा. आम्ही पाहिली ती रंग उडालेली, करड्या लाकडांची, छपरे खचलेली घरे.

२००० च्या जनगणनेत तेथे दोघे होते, एल्सी आयलर आणि त्यांचे पती रूडी. २००४ मध्ये रूडी वारले. मग महापौर, कारकून, खजिनदार सारे एल्सीबाईच! आपल्या खानावळीसाठी मद्याचा परवाना मागणाऱ्या त्याच आणि देणाऱ्याही त्याच. रस्त्यावरचे दिवे जळावेत म्हणून स्वतःवर कर बसवून तो स्वतःच भरीत. (२०२० च्या जनगणनेत मात्र तेथे दोन माणसे निघाली. खाजगी माहिती उघड होऊ नये म्हणून जनगणना खाते लहान आकड्यांत मुद्दाम फेरफार करते. त्यातून हा दुसरा रहिवासी जन्मला.)

हे सारे ऐकून मी वाटेत मनसोक्त हसलो होतो. खानावळीजवळच्या एका लहानशा खोलीपाशी ते हसू विरले. ते रूडींच्या नावाचे ग्रंथालय; सुमारे पाच हजार पुस्तकांचे. कर भरला की गाव कागदावर जिवंत राहते; परंतु माझ्या मते मॉनोवाय १९७४ सालीच संपले. शेवटच्या दिवशी तिथल्या शिक्षकांनी हजेरी घेतली असेल काय? आमच्या मराठी शाळेत यंदा पहिलीच्या वर्गात नऊ मुले आहेत.

त्या दिवशी खानावळ बंद होती. मी ग्रंथालयाचे दार ओढून पाहिले, ते उघडले नाही.

"मामा, निघू या, उशीर होतोय," भाचा म्हणाला.