वैशाखवणवा आणि सेवाग्रामची दिनचर्या

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



व्याख्यानाचा विषय निवडण्याची मुभा आयोजकांनी मला दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ‘सेवाग्राम आश्रमातील उन्हाळा’ हा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. परंतु त्यामागे एक ताजे निमित्त आहे. सुवर्णमहोत्सवानिमित्त आपले प्रवचन सभागृह वातानुकूलित करावे, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आलेला आहे. त्यावर मत देण्यापूर्वी, ज्यांनी वर्धेचा उन्हाळा कोणत्याही यंत्रावाचून काढला त्यांनी तो कसा काढला, हे आपण समजून घ्यावे, एवढाच माझा हेतू आहे.

वर्धेचा उन्हाळा म्हणजे काय, हे विदर्भाबाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. गांधीजी त्या परिसरातील सेगाव या खेड्यात राहावयास गेले तो दिवस होता ३० एप्रिल १९३६, म्हणजे ऐन उन्हाळ्याचा. वर्ध्याहून सुमारे पाच मैल ते पायी गेले. गाव लहान, बहुतांश वस्ती दलितांची, रस्ता धड नाही. पुढे गजानन महाराजांच्या शेगावशी नामसाधर्म्य असल्यामुळे पत्रे चुकीच्या ठिकाणी जाऊ लागली, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले.

जमनालालजी बजाज यांच्यासारखा धनाढ्य व्यापारी पाठीशी असताना तेथे पक्का बंगला बांधणे अवघड नव्हते. परंतु घर गावच्या मजुरांकडून आणि आसपास मिळणाऱ्या साहित्यातूनच उभे राहावे, असा गांधीजींचा आग्रह होता. त्यातून ‘आदि निवास’ ही पहिली वास्तू झाली. प्रारंभी गांधीजी, कस्तुरबा, सहकारी आणि पाहुणे सर्व एकाच छपराखाली राहत. खान अब्दुल गफारखानही तेथेच उतरत. पुढे मीराबेन यांच्यासाठी बांधलेली झोपडी गांधीजींच्या वापरात आली. तीच आजची ‘बापू कुटी’.

ही कुटी मी तीन-चार वेळा पाहिली आहे. बांधकामातले मला फारसे कळत नाही, पण जे दिसते ते सांगतो. बांबूचा कूड, त्यावर मातीचे लिंपण, वर कवेलूंचे छप्पर, खाली शेणाने सारवलेली जमीन. छपराची वळचण इतकी खाली उतरलेली की भिंतीवर ऊन पडतच नाही. भोवती पडवी असल्यामुळे उन्हाची झळ आत पोहोचण्यापूर्वीच मंदावते. सामान ठेवण्यासाठी लाकडी कपाटे नाहीत, भिंतीतच मातीचे कोनाडे काढलेले आहेत. १९७८ मध्ये इव्हान इलिच हे पाश्चात्त्य विचारवंत सेवाग्रामच्या परिषदेसाठी आले असता या कुटीत बराच वेळ बसले होते आणि आपल्या भाषणाचा विषयही त्यांनी हीच कुटी केली. आपल्याकडचे पर्यटक मात्र दहा मिनिटांत छायाचित्र काढून बाहेर पडतात.

परंतु घर हा अर्धाच भाग झाला. उन्हाळा खरा सुसह्य केला तो दिनचर्येने. पहाटे चारच्या सुमारास उठणे, प्रार्थना, मग ऊन चढण्यापूर्वी सफाई, शेती, दळण, पाणी भरणे ही अंगमेहनतीची कामे. दुपारी छपराखाली सूतकताई, पत्रलेखन, वाचन, विश्रांती. डोक्यावर ओले फडके किंवा मातीची पट्टी ठेवून गांधीजी भर दुपारी काम करीत. सायंकाळी लवकर भोजन, उघड्या मैदानावर प्रार्थना आणि रात्री आकाशाखाली झोप. उकाड्याशी झगडा करण्यापेक्षा काम आणि विश्रांतीच्या वेळाच त्यांनी सूर्याप्रमाणे लावून घेतल्या.

यातील पुष्कळ गोष्टी आपल्याला अपरिचित नाहीत. १९१५ च्या हरिद्वार कुंभमेळ्यात गांधीजींनी दिवसभरात पाचांहून अधिक पदार्थ खाणार नाही आणि सूर्यास्तानंतर अन्न घेणार नाही, असे व्रत घेतले. आपल्या घरांतील आजी-आजोबा जे रात्रिभोजनत्याग आणि द्रव्यमर्यादा म्हणून पाळत, तेच हे. आश्रमाच्या एकादश व्रतांत अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, असंग्रह ही पहिली पाच तर आपली महाव्रतेच आहेत. ‘अस्वाद’ व्रत काय असते, हे चैत्रातील आयंबिल ओळी करणाऱ्या भगिनींना मी सांगावे असे नाही. हे साम्य योगायोगाने आलेले नाही. १८९१ मध्ये मुंबईत गांधीजींची श्रीमद् राजचंद्र यांच्याशी भेट झाली आणि त्या सहवासाचा ठसा त्यांच्यावर आयुष्यभर राहिला. श्रीमद् हे जवाहिऱ्याचा व्यवसाय करणारे गृहस्थ होते, ही गोष्ट आपण व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मला विशेष वाटते ते गुणव्रतांविषयी. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. दिशांची मर्यादा बांधून घ्यावी, तिच्यापलीकडे व्यवहार करू नये, असे ते सांगते. आसपासच्या माती-बांबूचेच घर बांधीन, हा आग्रह त्याहून वेगळा कोठे आहे? भोगोपभोग परिमाण म्हणजे वापराच्या वस्तूंची मोजदाद. आणि अनर्थदंड विरमणात प्रमादचर्येचा निषेध आहे, म्हणजे विनाकारण माती उकरणे, पाणी सांडणे, अग्नी चेतवणे, वनस्पती तोडणे यांचा. आपण प्रतिक्रमणात या अतिचारांची क्षमा मागतो. सेवाग्राममध्ये स्वयंपाकघर, विहीर आणि गोशाळा यांचा कारभार त्याच जागरूकतेने चाले. उन्हाळ्यात गारव्याच्या शोधात साप वस्तीत येतात. आश्रमात ते मारीत नसत. साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि त्यांना दूर नेऊन सोडण्यासाठीचा पिंजरा आजही तेथे पाहावयास मिळतो. आमचा नातू सर्वांत अधिक वेळ त्या पिंजऱ्यापाशीच उभा होता.

कापडाचा व्यापारी म्हणून दोन शब्द. हातसुताची खादी घाम शोषून घेते आणि तिच्या विणीतून वारा खेळतो. कृत्रिम धाग्याचे कापड स्वस्त, टिकाऊ आणि इस्त्रीवाचून चालणारे असते, पण वैशाखात ते अंगाला चिकटते. दुकानात मी दोन्ही विकतो आणि गिऱ्हाईक दुसरेच अधिक मागते, हेही खरे. गांधीजींनी १९२१ मध्ये मदुराई येथे पंचा स्वीकारला तो गरिबांच्या वस्त्राशी एकरूप होण्यासाठी. विदर्भाच्या हवेलाही तोच पोशाख योग्य ठरला. गरजा कमी करण्याचा उपदेश कापडवाल्याने करावा, यावर आपण हसाल. हसावे. परंतु लग्नसराईत एकेका घराची खरेदी पाहिली की परिग्रह परिमाणाची आठवण आम्हालाच आधी होते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आश्रमाचे जीवन सोपे नव्हते आणि त्याची किंमत काहींनी फार मोठी दिली. महादेवभाई देसाई वर्ध्याच्या मगनवाडीत राहत आणि तेथून रोज सेगावला पायी जाऊन परत येत, वर्धेच्या त्या उन्हातसुद्धा. त्यांची प्रकृती ढासळली. १९४२ च्या १५ ऑगस्टला, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, त्यांचे बंदिवासात निधन झाले. मृत्यूचे कारण उन्हाळा होता असे मी म्हणणार नाही, पण त्या पायपिटीने शरीर झिजले असणारच. स्वतः गांधीजीदेखील १९३६ च्या मे महिन्यात प्रकृतीच्या कारणास्तव म्हैसूर संस्थानातील नंदी टेकडीवर गेले होते. तेव्हा वृद्ध आणि आजारी माणसाला गारवा देणे म्हणजे व्रतभंग, असा अर्थ कोणी काढू नये. शिवाय मातीच्या घराला दरसाल लिंपण, सारवण आणि पावसाळ्यापूर्वी कवेलूंची फेरणी लागते. हे करणारे हात आज शहरात मिळत नाहीत.

असे जीवन समूहाने दीर्घकाळ जगता येते, याचे उदाहरण जवळच पवनारला आहे. १९५९ मध्ये विनोबाजींनी धाम नदीच्या काठी भगिनींसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. श्रम, स्वाध्याय आणि सामूहिक निर्णय यांवर ते चालत आले. याच विनोबाजींच्या प्रेरणेने १९७४ मध्ये, भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षात, सर्व संप्रदायांना मान्य असा ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ सिद्ध झाला.

आता मूळ प्रस्तावाकडे येतो. वाणिज्य शाखेत आम्हाला भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतील भेद शिकवला होता. यंत्रे देणगीतून येतील, त्यावर दात्याचे नावही लागेल, पण विजेचे देयक दरमहा येईल आणि त्यावर कोणाचेच नाव लागणार नाही. ती वीज कोठून येते, हेही पाहावे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे आणि तेथे जळतो तो कोळसा. तेउकायाची ही विराधना आपल्या डोळ्यांआड होते, इतकेच. शिवाय ही यंत्रे सभागृहातील उष्णता बाहेर फेकणार ती मागच्या बोळात, जेथे टिनपत्र्याची घरे आहेत. तेथील मुले दुपारी कोठे बसतील? अहिंसेवरचे प्रवचन आपण त्या थंडाव्यात बसून ऐकणार आहोत.

म्हणून माझी सूचना अशी. वयोवृद्ध श्रावक-श्राविका आणि आजारी व्यक्तींसाठी तळमजल्यावरील एक खोली अवश्य गार करावी. सभागृहाला पश्चिमेकडे रुंद पडवी काढावी, गच्चीला दरवर्षी चुन्याचा पांढरा थर द्यावा, दारांना वाळ्याचे ताटे लावावेत आणि त्यांवर शिंपडावयाचे पाणी मोजून वापरावे. मागील अंगणात दोन कडुनिंब लावावेत. वैशाख-ज्येष्ठातील प्रवचन सकाळी साडेनऊऐवजी साडेसहाला ठेवावे. दुकाने दहाला उघडतात, त्यामुळे व्यापारी बांधवांची अडचण होणार नाही. आपले साधु-साध्वीजी विहारही पहाटेच करतात. पडवीसाठी लागणाऱ्या कापडी पडद्यांची जबाबदारी मी घेतो. बाकी निर्णय विश्वस्त मंडळाने आणि सर्वसाधारण सभेने करावा.

जय जिनेंद्र.