शेणातील जीव आणि जनावरांचे औषध
(सुवर्ण महोत्सवी कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)



मी कापडाचा व्यापारी, शिक्षण बी.कॉम.; पशुवैद्यकावर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु देवणी आणि लाल कंधारी हे गोवंश आपल्याच लातूर-नांदेडचे, आणि आपल्यापैकी अनेक जण गोशाळांना दान देतात. त्या दानातून येणाऱ्या एका औषधाविषयी बोलणे मला कर्तव्य वाटते.

पावसाळ्यात रानातला शेणाचा पो उलटून पाहावा, काळे भुंगेरे दिसतात. काही शेणाची गोळी करून ढकलीत नेतात, काही तेथेच बीळ करून शेण खाली ओढतात. मादी त्यातच अंडे घालते. अळीचे अन्नही तेच. शेण जमिनीत मुरते, माती भुसभुशीत होते, माश्यांना थारा मिळत नाही. (ही अळी म्हणजे उसाची हुमणी नव्हे. कूळ एक, पण ही मुळे खात नाही.)

गोचीड व जंत यांवर आयव्हरमेक्टिन १९८१ पासून जनावरांना दिले जाते. त्याच्या शोधाबद्दल कॅम्पबेल व ओमुरा यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले. औषध गुणकारी, यात शंका नाही. पण त्याचा बराचसा भाग शेणावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. भुंगेरा जगला तरी त्या शेणात अळ्या वाढत नाहीत. ब्रिटनमध्ये १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, औषध दिलेल्या वासरांचे शेण शंभर दिवसांनंतरही तसेच घट्ट पडून होते.

जंत द्वींद्रिय, भुंगेरा चतुरिंद्रिय. गाय वाचविताना जंतांची हिंसा आपण नाइलाजाने पत्करतो. भुंगेऱ्याची हिंसा मात्र कोणत्याच खात्यावर मांडलेली नाही. एका गोशाळेच्या वह्या मी अनेक वर्षे पाहिल्या. सर्व जनावरांना एकाच दिवशी सुई, असा शिरस्ता होता. बिलावर सही माझी असे. कोणत्या गायीला जंत आहेत, हे मी एकदाही विचारले नाही.

फेनबेंडाझोलसारखी जंतांची औषधे भुंगेऱ्यांना पुष्कळ कमी बाधतात. गोचिडांवर मात्र ती चालत नाहीत. म्हणून शेण तपासून, गरज असेल त्याच जनावराला औषध द्यावे. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथील तज्ज्ञांना विचारता येईल. आयव्हरमेक्टिन दिलेल्या जनावराचे शेण काही आठवडे वेगळ्या, झाकलेल्या खड्ड्यात टाकावे. पहिल्या खड्ड्याचा खर्च माझ्याकडे लागला.