ओट्याखालचे पाणी



ह्या व्यासपीठावरून गेले चार दिवस आपण संतवाङ्मय, लोकशाही आणि अवकाशयान अशा भारदस्त विषयांवरील व्याख्याने ऐकलीत. आज त्याच जागी आम्ही स्वयंपाकघरातील मोरीविषयी बोलण्यास उभे आहोत. आम्ही विषय कळविला तेव्हा चालक मंडळी हसली. परंतु बैठक उठल्यावर त्यांच्यातीलच एकांनी आम्हास बाजूला घेऊन हळूच विचारले, "तुमचाही ओटा गळतो काय?" तेव्हा आम्हास धीर आला.

आमचे बिऱ्हाड पुण्यात, दुसऱ्या मजल्यावर. इमारत 1980 नंतरच्या दशकातील. म्हणजे भिंतीतले नळ जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे. असे नळ बाहेरून सुरेख दिसतात आणि आतून गंजत जातात. पुढेपुढे आमच्या तोटीला पाण्याची धार न येता सुतळी येऊ लागली. ओट्याची कडाप्पाही भेगाळली होती. तेव्हा सर्वानुमते ठरले की ओटा, नळ, मोरी सगळेच एकदा नवे करून टाकावे. एका ठेकेदाराने सामान-मजुरीसह एकठोक रक्कम सांगितली, आम्ही थोडी घासाघीस केली आणि काम सुरू झाले.

आता एक कबुली. भिंतीवरील टाइल्सचा रंग मोतिया असावा की दुधी, ह्यावर आमच्या घरात चार संध्याकाळी चर्चा झाली. वरच्या ग्रॅनाइटचे नमुने पाहण्यास आम्ही तीन दुकाने पालथी घातली. परंतु त्या टाइल्सच्या मागे जो नळ जाणार, तो कोण जोडणार, कसा जोडणार आणि जोडल्यावर तो गळतो की नाही हे कोण पाहणार, ह्याविषयी एकाही माणसाने एकही प्रश्न विचारला नाही. प्लंबर आला तो विशीबाविशीतील मुलगा होता. त्याने दोन दिवसांत भिंतीत छिन्नीने खाचा पाडल्या, सीपीव्हीसीचे नळ बसविले. तिसऱ्या दिवशी सकाळी टाइल्सवाला हजर. आम्ही आपले सहज म्हटले, "पाणी सोडून पाहिलेत ना?" ठेकेदार उत्तरला, "साहेब, आपले काम गळत नाही." एवढ्या आत्मविश्वासापुढे आम्ही काय बोलणार? भिंत झाकली गेली.

बारा दिवस सारे आनंदीआनंद होता. मग बेसिनमधून दुर्गंधी येऊ लागली. मग ट्रॉलीच्या तळाची फळी फुगली. आणि एका सकाळी खालच्या मजल्यावरील काकू हातात ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या. आम्हास वाटले, काही गोडधोड आणले आहे. ताटात त्यांच्या छताचा वीतभर पापुद्रा होता. तो त्यांच्या गॅसवर, वरणाच्या पातेल्यापासून चार बोटांवर पडला होता. काकू रागावल्या नाहीत. "पाहून घ्या हो," एवढेच म्हणाल्या. रागावत्या तर बरे झाले असते.

ठेकेदारास दूरध्वनी केला. पहिले दोन दिवस "येतो", पुढचे चार दिवस "निघालोच". अखेर आला आणि म्हणाला की दोष इमारतीच्या जुन्या नळाचा आहे. जाताना बेसिनच्या कडेने सिलिकॉनचा एक पट्टा आणि मोरीच्या तोंडाशी पांढऱ्या सिमेंटचा लेप देऊन गेला. हाड मोडलेल्यास चंदनाचा लेप, असा तो प्रकार. शिवाय उरलेले पैसे मागितले. आम्ही आवाज चढविला, त्याने चढविला. जिन्यात चार माणसे जमली आणि पाणी गळत राहिले.

आमच्याच सोसायटीत सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक ओव्हरसियर राहतात. त्यांनी आम्हास दोन गोष्टी शिकविल्या. पहिली ही की भांडण्याआधी रोग ओळखावा. पाणी दोन वाटांनी येते: चढत्या नळातून, जेथे सदैव दाब असतो, आणि उतरत्या नळातून, जेथे बेसिन वापरले तरच पाणी असते. स्वयंपाकघराची मुख्य चावी रात्रभर बंद ठेवावी. ओल थांबली तर दोष बहुधा चढत्या नळात. मग बेसिनला बूच लावून ते भरावे, त्यात मूठभर हळद कालवावी आणि बूच काढावे. खाली पिवळे पाणी उतरले तर दोष उतरत्या नळात. आमच्या नशिबी दोन्ही परीक्षांत उत्तीर्ण होणे होते. चावी बंद करताच छताची टपटप मंदावली, आणि दुसऱ्या दिवशी काकूंच्या छतावर पिवळा डागही उमटला.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती लिहिण्याची. कोणत्या तारखेस काय दिसले ते लिहावे, छायाचित्रे काढावीत, ठेकेदारास लेखी कळवावे, दुरुस्तीला वाजवी मुदत द्यावी. आणि त्या मुदतीत काम न झाल्यास दुसऱ्याकडून करवून तो खर्च राहिलेल्या रकमेतून वळता करू, असे स्पष्ट लिहावे. मुदत संपेपर्यंत भिंतीला हात लावू नये. नाहीतर तुम्हीच तोडफोड केली असे तो म्हणेल.

येथे कोणी विचारील, कायदा नाही काय? आहे. ग्राहक संरक्षण कायदा 1986 साली झाला. त्याची जागा 2019 च्या कायद्याने घेतली आणि तो जुलै 2020 पासून अमलात आला. ग्राहक पंचायतीची चळवळ तर 1974 साली ह्याच पुणे शहरात बिंदुमाधव जोशी ह्यांनी सुरू केली. घरबांधणी ही सेवाच असून तीत उणीव राहिल्यास ग्राहकाला दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितले आहे. तक्रार 2 वर्षांच्या आत करावी लागते आणि मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर तिला शुल्क नाही. हे सर्व वाचून आम्ही मोठ्या उत्साहाने कपाटातील कागद काढले. निघाला तो एका टाइल्सच्या दुकानाच्या कॅलेंडरमागे पेन्सिलीने लिहिलेला हिशेब. बिल नव्हते. का नव्हते? कारण ठेकेदाराने म्हटले होते, "बिल घेतलेत तर 18 टक्के कर वर पडेल," आणि आम्ही, जे सरकारी भ्रष्टाचारावर वर्तमानपत्रांस पत्रे लिहितो, "राहू द्या मग" असे म्हणालो होतो. बँकेतून दिलेल्या रकमांची नोंद आणि मोबाइलवरील निरोप एवढाच आमचा पुरावा. त्यावरही दावा उभा राहतो म्हणतात. परंतु त्या दिवशी आमची मान खाली गेली ती गेलीच.

ठेकेदार मुदतीत आला नाही. तेव्हा त्या प्लंबर मुलाचा पत्ता काढून आम्ही त्यालाच बोलाविले. रविवारी संध्याकाळी तो आला. त्याला खडसावायचे म्हणून आम्ही चार वाक्ये मनाशी जुळवून ठेवली होती. त्याने काही न बोलता दोन टाइल्स हलक्या हाताने काढल्या, सिमेंट खरवडले, आणि कोपऱ्यातील सांध्यावर बॅटरीचा झोत टाकून स्तब्ध बसला.

सांधा कोरडा होता. हे नळ एका विशिष्ट द्रवाने चिकटवितात; तो नळाच्या टोकाला आणि जोडाच्या आत दोन्हीकडे लावून, नळ खोवून, काही क्षण घट्ट धरून ठेवावा लागतो, आणि तो वाळेपर्यंत पाणी सोडायचे नसते. घाईत एखाद्या सांध्याला तो लावायचा राहिला तरी नळ जोडात इतका चपखल बसतो की काही दिवस पाणी धरतो. मग सुटतो. 10 मीटर उंचीवरील टाकीचे पाणी नळाच्या दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलोने रेटीत असते, आणि ते रात्रंदिवस. त्याला घाई नसते.

मोरीकडील दोष तर दोष म्हणावयाचीही लाज वाटावी असा होता. बेसिनखाली पन्हाळीदार लवचीक नळी सरळ भिंतीतल्या भोकात खुपसली होती. तिला वाक नव्हता. बेसिनखालच्या नळीला जे वळण असते, ते शोभेचे नसते. त्यात बोट-दोन बोटे पाणी साचून राहते आणि तेच गटारातील दुर्गंधीला दार बंद करते. असे वळण शौचकूपास देऊन अलेक्झांडर कमिंग ह्या घड्याळजीने लंडनमध्ये 1775 साली पेटंट घेतले. अडीचशे वर्षांपूर्वीची ही युक्ती आमच्या ओट्याखाली पोचली नव्हती. शिवाय भिंतीपलीकडील आडव्या नळाला फुटामागे पाव इंच तरी उतार हवा. आमचा नळ उलट मोरीकडेच कललेला. उष्ट्याचे पाणी तेथे थांबे आणि भोकाच्या फटीतून खाली काकूंकडे जाई.

तो मुलगा म्हणाला, "साहेब, मला पॉइंटावर पैसे मिळतात. जितक्या तोट्या, तितके. दाब-पंप लावून बघायचा वेळ त्यात धरत नाहीत. मी शेठना म्हटले होते, एक दिवस द्या. ते म्हणाले, टाइल्सवाला बसून राहील." जरा थांबून म्हणाला, "तुम्ही दोन दिवस दारातनं बघत होता. तुम्ही एकदा म्हटले असते ना, पाणी भरून दाखव, तर मी दाखवले असते." आमची जुळवून ठेवलेली चार वाक्ये तशीच राहिली. चूक त्याची होती, आणि तो ती नाकारीत नव्हता. परंतु त्या चुकीची किंमत ठेकेदाराने अर्धा दिवस वाचवून आणि आम्ही कर वाचवून आधीच वाटून घेतली होती. तिचे व्याज तेवढे काकूंच्या छताने भरले.

त्याने मग काम केले ते पाहण्यासारखे होते. सांधे नव्याने जोडले, रात्रभर तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी भाड्याचा हातपंप आणून काटा 6 किलोवर नेला, आणि आम्ही दोघे चहा पीत तासभर त्या काट्याकडे पाहत बसलो. काटा हलला नाही. त्याची मजुरी आणि काकूंच्या छताचा गिलावा-रंग ठेकेदाराच्या राहिलेल्या रकमेतून वळता केला, हिशेब लिहून उरलेले पैसे त्याला पाठविले. पावती आली नाही. हल्ली तो रस्त्यात भेटला तर दुकानांच्या पाट्या वाचू लागतो. त्या रंगाच्या टाइल्स पुन्हा मिळाल्या नाहीत, म्हणून दोन दुधी टाइल्स मोतियांत बसल्या आहेत.

अध्यक्षांनी घंटी वाजविली, तेव्हा आवरते घेतो. तसेही आम्हास उद्या लवकर उठायचे आहे. खालच्या काकूंनी त्यांचा ओटा नवा करायला घेतला आहे. काम त्याच मुलाकडे, बिलासकट. सकाळी आठ वाजता पंप लागायचा आहे, आणि टाइल्सवाल्याला परवा बोलाविले आहे.