तेरा कोसांची धांव



मॅरॅथॉनवर चार शब्द बोलावे असें मला सुचविण्यांत आलें, तेव्हां मीं प्रथमच सांगून टाकलें कीं मी धांवपटु नाहीं. विमा-कचेरींत हिशेब तपासणारा मी एक मनुष्य. वय पन्नाशीच्या पलीकडचें. आणि शाळेंत असतांना खो-खोच्या संघांत राखीव गडी म्हणून बसण्यापुढें माझी मजल कधीं गेली नाहीं. त्यावर उत्तर मिळालें, "म्हणूनच तर तुम्हांला बोलावलें. जिंकणारांचें बोलणें लोक पुष्कळ ऐकतात." तेव्हां आज आपण ऐकत आहां तें ही शर्यत पांच तास अकरा मिनिटांत पुरी करणाऱ्या माणसाचें बोलणें आहे, हें आरंभींच लक्षांत असूं द्यावें. त्या दिवशीं जिंकलेल्या इथिओपियन गड्यास माझ्या निम्म्याहूनहि कमी वेळ लागला होता.

अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. इंग्रजी मापानें २६ मैल ३८५ यार्ड, आणि आपल्या जुन्या हिशेबानें सुमारें तेरा कोस. सीताबर्डीहून निघालेला मनुष्य इतकें चालून गेला, तर रामटेकचा गड त्याला फारसा दूर राहणार नाहीं. १८९६ सालीं अथेन्स येथें पहिले आधुनिक ऑलिंपिक सामने झाले, त्यांत ग्रीक लोकांच्या एका आख्यायिकेच्या स्मरणार्थ ही धांव ठेवण्यांत आली. मॅरॅथॉनच्या रणांगणावरून जयाची वार्ता घेऊन एक निरोप्या अथेन्सपर्यंत धांवत आला, आणि वार्ता सांगून गतप्राण झाला, अशी ती कथा. माझ्या आईला मीं ती सांगितली तेव्हां तिनें विचारलें, "मेला ना तो? मग तेच तुला कशाला करायचं आहे?" या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर मला अद्याप सांपडलेलें नाहीं. पहिल्या शर्यतीचें अंतर सुमारें ४० किलोमीटरच होतें. आजचें हें अपूर्णांकी अंतर १९०८ च्या लंडनच्या सामन्यांत प्रथम आलें व १९२१ सालीं तें कायम झालें.

मी या नादास कसा लागलों तें सांगतों. आमचें खातें तिसऱ्या मजल्यावर. २०१४ च्या उन्हाळ्यांत एके दिवशीं लिफ्ट बंद पडली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी भिंतीला हात टेकून उभा होतों, आणि पाण्याचे दोन भरलेले माठ घेऊन आमचा शिपाई माझ्या शेजारून, "साहेब, जरा सरकतां का?" म्हणत वर गेला. दुसऱ्या दिवशीं मी डॉक्टरांकडे गेलों. रक्तांतील साखर मर्यादेच्या अगदीं कांठावर आलेली होती. वडील कशानें गेले, असें डॉक्टरांनीं विचारलें. वडील बावन्नाव्या वर्षीं हृदयविकारानें गेले. मी त्या वेळीं चव्वेचाळीस वर्षांचा होतों. वजाबाकी करणें हा माझा धंदाच आहे. ती मीं तेथेंच खुर्चीवर बसल्या बसल्या केली.

आरंभीं मी अंबाझरीच्या बांधावर नुसता चालत असें. तेथें एक निवृत्त ड्रिल मास्तर रोज पहाटे धांवावयास येत. त्यांनीं मला धांवावयास शिकविलें, आणि तेंहि एकाच नियमानें: धांवतांना शेजारच्याशीं पुरें वाक्य बोलतां आलें पाहिजे, वाक्य तुटूं लागलें कीं वेग कमी करावा. हा नियम दिसतो त्याहून कठीण आहे. मनुष्याला आपण हळू धांवतों याची लाज वाटते, विशेषतः शेजारून कॉलेजांतील मुलें निघून जात असतांना. परंतु हृदयाला व सांध्यांना सवय लागण्यास महिनेच्या महिने लागतात, आणि ते दिवस अशा संथ धांवण्यांतच काढावे लागतात. धाप लागून जो धांवतो तो सहा आठवड्यांत गुडघा धरून घरीं बसतो. हें मी ऐकीव सांगत नाहीं. पहिल्या वर्षीं मीहि बसलों होतों.

फडेप्पा दरेप्पा चौगुले हें नांव मीं या मास्तरांच्याच तोंडून प्रथम ऐकलें. आपल्यापैकीं किती जणांना तें ठाऊक असेल, मला शंका आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या १९१९ सालच्या सामन्यांत सर दोराबजी टाटा यांनीं अनवाणी धांवणारे तरुण पाहिले. त्यांत बरेचसे शेतकरी घरांतले होते. त्यांना ना कोणी शिकविलेलें, ना शर्यतीचे नियम धड ठाऊक. तरीहि त्यांची चाल पाहून टाटांना वाटलें कीं हे गडी युरोपांत नेण्याजोगे आहेत. त्यांनीं मुंबईच्या गव्हर्नरांचें साहाय्य मिळविलें, खर्चाचा मोठा वाटा स्वतः उचलला, आणि १९२० सालीं एक लहानसें पथक बेल्जममधील अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांसाठीं रवाना झालें. त्यांत मॅरॅथॉनसाठीं दोघे होते, बेळगांवचे चौगुले व सदाशिव दातार.

शर्यत २२ ऑगस्ट रोजीं झाली. हवा थंड व पावसाळी. अंतर नेहमींहून अधिक, ४२ किलोमीटर ७५० मीटर, म्हणजे ऑलिंपिकच्या इतिहासांतील सर्वांत लांब मॅरॅथॉन. फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन पहिला आला, आणि एस्टोनियाचा युरी लॉसमन त्याच्या मागें केवळ तेरा सेकंदांच्या आंत होता. आपले चौगुले २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत पोचले व एकोणिसावे आले. मीं हिशेब करून पाहिला: किलोमीटरला चार मिनिटें, आणि तीं लागोपाठ बेचाळीस वेळां! परक्या हवेंत, परक्या अन्नावर, बेळगांवकडच्या एका तरुणानें हें केलें. त्या काळीं आपल्याकडे असल्या शर्यतीची परंपरा ती काय असणार? पुढें १९७६ सालीं माँट्रियलला शिवनाथसिंग अकरावे आले, त्यांचें नांव तरी जाणकारांच्या तोंडीं आहे. चौगुल्यांचें तितकेंहि राहिलें नाहीं.

आणि दातार? दातारांना ती शर्यत पुरी करतां आली नाहीं. नोंदवहींत त्यांच्या नांवापुढें वेळ नाहीं. मास्तरांनीं हें सांगितलें तेव्हां मला त्यांत विशेष कांहीं वाटलें नव्हतें. तें पुढें वाटणार होतें.

२०१७ च्या जानेवारींत मी मुंबईच्या मॅरॅथॉनमध्यें उतरलों. ही शर्यत २००४ पासून सुरू आहे. माझी तयारी म्हणजे सर्वांत लांब धांव पंचवीस किलोमीटरची, आणि उरलेले सतरा किलोमीटर उत्साहावर निभावतील अशी समजूत. पहाटेच्या अंधारांत छत्रपति शिवाजी टर्मिनसपासून निघालों. हजारों माणसें, बँडचे आवाज, मरीन ड्राइव्हचे दिवे! मास्तरांचा नियम पहिल्या पांच मिनिटांत विसरलों. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर सूर्योदयाच्या सुमारास मी माझ्या ठरलेल्या वेगाच्या कितीतरी पुढें होतों, व स्वतःवर अत्यंत खूष होतों. माहीमपर्यंत ठीक चाललें. वरळीस परततांना पाय जड झाले. पेडर रोडचा चढ सुरू होतो तेथें एका दिव्याच्या खांबाशीं मी बसलों, आणि मग उठलों नाहीं. दृष्टीपुढें अंधारी नव्हती, कोठें दुखतहि नव्हतें. नुसतें उठवत नव्हतें.

यांत गूढ असें कांहीं नाहीं. आपल्या स्नायूंत व यकृतांत ग्लायकोजेन या रूपानें शर्करेचा सांठा असतो. तो सुमारें दोन हजार कॅलरींचा. सत्तर किलो वजनाच्या माणसाला बेचाळीस किलोमीटर धांवण्यास तीन हजारांच्या घरांत कॅलरी लागतात. म्हणजे तिसाव्या किलोमीटरच्या पुढें कोठें तरी तिजोरींत खडखडाट होतो. चरबी भरपूर असते, परंतु ती मुदतीच्या ठेवीसारखी. मागितल्याबरोबर हातीं पडत नाहीं. शिवाय वेग जितका अधिक, तितकी शर्करा लवकर सरते. आयुष्यभर दुसऱ्यांचे जमाखर्च तपासलेल्या माणसानें स्वतःची शिल्लक पाहूं नये, यासारखें लाजिरवाणें दुसरें काय? तशांत मुंबईची दमट हवा. आमच्या नागपुरास घाम येतो आणि वाळतो, व वाळतांना अंग निववितो. तेथें तो अंगावरच राहतो.

घरीं परतणें मात्र त्या चढाहून अवघड होतें. आईनें आळींत सर्वांना सांगून ठेवलें होतें. तिनें ओंवाळण्याचें तबक तयार ठेवलें होतें आणि शेजारच्या दोघी दारांत उभ्या होत्या. गाडींत मीं ठरविलें होतें कीं गोलमाल कांहींतरी बोलावें. कोण बेचाळीस किलोमीटर मोजावयास बसलें आहे? दारांत आलों, तबकांतील निरांजन पाहिलें, आणि तोंडून निघून गेलें, "आई, नाहीं पुरी झाली. मधेंच बसलों." शेजारणी गप्प झाल्या. आई क्षणभर थांबली, आणि मग म्हणाली, "बसलास हें बरं केलंस. तुझे वडील बसले नाहीत." वडील त्या दिवशीं छातींत कळ येत असतांना सायकलवरून कचेरीस गेले होते. तिनें मला ओंवाळलें, आणि त्या विषयावर पुन्हां अवाक्षर काढलें नाहीं.

त्या रात्रीं मला दातारांची आठवण झाली. सहा हजार किलोमीटरांहून दूर जाऊन, सगळ्या देशाच्या वतीनें, मधेंच थांबावें लागलेला तो मनुष्य घरीं परतला तेव्हां दारांत कोण उभें असेल?

दुसऱ्या खेपेची तयारी ऑगस्टमध्यें सुरू केली. नागपुरांत हें सोपें नाहीं. उन्हाळ्यांत पारा पंचेचाळीसच्या पुढें जातो तेव्हां पहाटे साडेचारलाहि भिंतींतून उष्मा येत असतो. म्हणून आमचें खरें धांवण्याचें वर्ष पावसाळ्यापासून जानेवारीपर्यंतचें. आठवड्यांतून तीन दिवस सिव्हिल लाइन्सच्या झाडांखालून साधी धांव, एक दिवस सेमिनरी हिल्सचा चढ, आणि रविवारीं लांबची मजल. ती बारा किलोमीटरांपासून हळूहळू वाढवीत बत्तिसांपर्यंत नेली, व दर चौथ्या आठवड्यास मुद्दाम कमी केली. फुटाळ्याहून निघावें, वर्धा रस्त्यानें खापरीच्या दिशेस जावें, आणि उजाडतां उजाडतां परतावें. डिसेंबरांत पारा दहाच्या आसपास येई. सौभाग्यवतींनीं दिलेली कानटोपी मी पहिल्या कोपऱ्यावर खिशांत घालीत असें. हें त्यांना आज प्रथमच समजत आहे.

धांवतां धांवतां खाणें हीहि सवयीचीच गोष्ट आहे. दर पाऊण तासानें गुळाचा खडा किंवा खजूर, आणि मिठाचें पाणी घोटघोट. पाणी फार प्यालें म्हणजे उत्तम, ही समजूत चुकीची आहे. नुसतें पाणी अतोनात प्याल्यानें रक्तांतील क्षार पातळ होतात, व तें प्राणावर बेतूं शकतें. शेवटचे तीन आठवडे धांवणें कमी करावयाचें असतें. त्या आठवड्यांत मला जितक्या शंका आल्या व जितके सांधे दुखले, तितके साऱ्या वर्षांत दुखले नव्हते.

२१ जानेवारी २०१८, रविवार. या खेपेस मी सबंध मरीन ड्राइव्हभर एका अनोळखी बँक-कारकुनाशीं पुरीं वाक्यें बोलत धांवलों. पहिला निम्मा भाग दोन तास तेहतीस मिनिटांत झाला. सेतूवर पुष्कळ लोक मला मागें टाकून गेले, आणि जाऊं दिले. माहीमकडे रस्त्याच्या दुतर्फा माणसें उभीं राहून केळीं, चिक्की, मीठ व संत्र्याच्या फोडी देत होतीं. एक फोड तोंडांत टाकली. नागपुरी होती कीं नाहीं, सांगवत नाहीं. जानेवारीच्या मध्यास आमचा आंबिया बहार सरलेला व मृग बहार यावयाचा असतो, तेव्हां मला संशय आहे. पण तिच्याइतकें गोड संत्रें मीं आमच्या बाजारांतहि खाल्लेलें नाहीं.

पेडर रोडचा चढ आला. माझा खांब जागेवरच होता. मीं त्याला हात लावला आणि चढ चालत चढलों, धांवत नव्हे. येथें कोणी खोटें ऐकावयाला बसलेलें नाहीं. उतारावर पुन्हां धांवूं लागलों. मरीन ड्राइव्ह परततांना इतका लांब कोणी केला होता, देव जाणे. एका लहान मुलीनें टाळीसाठीं हात पुढें केला, तो मला दोनदां प्रयत्न करून सांपडला. टर्मिनसपाशीं अखेरची कमान ओलांडली तेव्हां दुसरा निम्मा भाग दोन तास अडतीस मिनिटांत झाला होता. गळ्यांत कोणी तरी पदक घातलें. मीं फूटपाथवर बसून घरीं फोन लावला. पलीकडून आईनें पहिला प्रश्न विचारला, "बसून बोलतोयस की उभ्यानं?" बसून, असें मीं सांगितलें. "पण संपल्यावर बसलास ना?" हो, म्हटलें, संपल्यावर.

सायंकाळीं विदर्भ एक्सप्रेस गांठली. माझें तिकीट वरच्या बर्थचें होतें. गळ्यांत पदक, हातांत पिशवी, आणि पुढें तीन पायऱ्यांची लोखंडी शिडी. उजवा पाय पहिल्या पायरीवर ठेवला. डावा कांहीं केल्या उठेना. खालच्या बर्थवरचा एक विद्यार्थी बराच वेळ पाहत होता. शेवटीं तो उठला, माझें अंथरूण खालीं टाकलें, आणि एका उडींत वर जाऊन बसल्यावर आदरानें म्हणाला, "काका, पडलांत कीं काय कोठें?"