तपासणाऱ्याचे पैसे कोणी द्यावेत?

अन्नसुरक्षेचा आराखडा म्हणजे काय, याचे सविस्तर विवेचन गंगाखेडच्या जाणत्या श्रोत्यांसमोर करण्याचे कारण नाही. धोका कोठे शिरतो, तो कोणत्या टप्प्यावर रोखायचा, तेथील तापमानाची वा ओलाव्याची मर्यादा किती आणि ती ओलांडली गेल्यास काय करायचे, याची लेखी व्यवस्था म्हणजे असा आराखडा, एवढी आठवण पुरेशी आहे. विचारात घ्यायचा प्रश्न त्यापुढचा आहे. तो आराखडा कारखान्यात पाळला जातो की कपाटात पडून राहतो, हे पाहणारा त्रयस्थ परीक्षक, ज्याला व्यवहारात थर्ड पार्टी ऑडिटर म्हणतात, कोणी निवडावा आणि त्याचे शुल्क कोणाच्या खिशातून जावे?

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ४४ मध्ये परीक्षण संस्थांना मान्यता देण्याची तरतूद आहे आणि २०१८ च्या विनियमांनी तिचा तपशील ठरवला. दूध, मांस, मासे यांसारख्या अधिक जोखमीच्या पदार्थांच्या उद्योगांवर असे परीक्षण बंधनकारक करता येते. मात्र मान्यताप्राप्त यादीतून संस्था निवडतो तो उद्योजक आणि शुल्क देतो तोही उद्योजकच, म्हणजे परीक्षार्थ्यानेच परीक्षक नेमून त्याचे मानधन चुकते करावे, तशी ही रचना आहे. समोरच्या रांगांतील मिठाई आणि डाळमिल व्यावसायिकांची चुळबुळ पाहता येथेच स्पष्ट केले पाहिजे की आक्षेप रचनेवर आहे, उपस्थितांपैकी कोणाच्याही सचोटीवर नाही.

महाराष्ट्राला या विषयाचा धडा द्राक्षांनी दिला. २००३ मध्ये कीटकनाशकांच्या अंशांमुळे युरोपात माल अडला, तेव्हा अपेडा ही निर्यात विकास संस्था आणि मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी बागेपासून कंटेनरपर्यंत माग ठेवणारी तपासणी उभी केली आणि २००६ मध्ये हा माग संगणकावर ठेवणारी ग्रेपनेट प्रणाली आली. तरीही २०१० मध्ये पुन्हा माल अडला, कारण वाढ रोखण्यासाठी वापरले जाणारे क्लोरमेक्वाट क्लोराइड, जे बागायतदार लिहोसिन या नावाने ओळखतात, तपासायच्या रसायनांच्या यादीतच नव्हते. जे यादीत नाही ते तपासनीसाला दिसत नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे म्हणणाऱ्या जिल्ह्याला हेही सांगितले पाहिजे की युरोपीय खरेदीदार ज्या ग्लोबलगॅप प्रमाणपत्राचा आग्रह धरतात, त्याचे कार्यालय खरोखरच जर्मनीत, कोलोन शहरात आहे. परभणीचा क्रमांक अद्याप लागायचा आहे.

यानंतर केवळ उल्लेख करायचा होता त्या अमेरिकेतील शेंगदाणा प्रकरणाकडे जरा थांबून पाहणे भाग आहे. जॉर्जिया राज्यातील ब्लेकली येथे पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीचा कारखाना होता. २००८ मध्ये एका नामांकित संस्थेच्या परीक्षकाने त्याला ‘उत्कृष्ट’ असा शेरा दिला. परीक्षक येणार हे कारखान्याला आधी ठाऊक होते आणि शुल्कही कंपनीनेच भरले होते. शेंगदाण्यात साल्मोनेला हा जिवाणू तग धरू शकतो, याचीच त्या परीक्षकाला कल्पना नव्हती, असे वृत्तपत्रांनी पुढे लिहिले. केलॉगसारख्या मोठ्या खरेदीदारांनी प्रमाणपत्र पाहिले आणि माल घेतला. नेस्लेने मात्र स्वतःची माणसे पाठवली, २००२ मध्ये ब्लेकलीत आणि २००६ मध्ये टेक्सासमधील प्लेनव्ह्यू येथे, आणि दोन्ही वेळा माल नाकारला. कंपनी तीच, फरक एवढाच की एक तपासनीस विकणाऱ्याच्या पैशाने आला होता आणि दुसरा विकत घेणाऱ्याच्या. या कंपनीच्या मालातून पसरलेल्या २००८-०९ च्या साल्मोनेला साथीत ७१४ जण आजारी पडल्याची नोंद झाली, ९ जण दगावले आणि २०१५ मध्ये कंपनीच्या प्रमुखाला २८ वर्षांची शिक्षा झाली.

हे परदेशाचे झाले, आपल्याकडचे काय, या सभागृहातून उमटलेल्या प्रश्नाचे उत्तर गुजरातेत आहे. एस्थर डफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी तेथील प्रदूषण मंडळासह एक प्रयोग केला, ज्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या पद्धतीत, म्हणजे कारखाना परीक्षक निवडतो आणि पैसे देतो तेथे, अहवालांतील आकडे मर्यादेच्या किंचित खाली दाटीने जमा झालेले आढळले. काही कारखान्यांना परीक्षक यदृच्छेने नेमून दिले गेले, त्यांचे ठरावीक शुल्क सामाईक निधीतून दिले गेले आणि त्यांच्या काही मोजमापांची फेरतपासणी झाली, तेव्हा ‘मर्यादेत आहे’ असे खोटे नोंदवण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटले आणि कारखान्यांचे प्रदूषणही कमी झाले. विषय प्रदूषणाचा होता, परंतु त्यातला धडा खव्याला आणि शेवेला जसाच्या तसा लागू पडतो.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली असल्याने परीक्षकाच्या निवडीचे उर्वरित निकष एका वाक्यात आटोपावे लागतात: त्याला त्या पदार्थाची प्रक्रिया ठाऊक असावी, आराखडा तयार करून देणारा सल्लागार आणि तो तपासणारा परीक्षक एकच नसावा, आणि मागील दोष खरोखर दूर झाले का, हे त्याने प्रत्यक्ष पाहावे. गंगाखेड परिसरातील छोट्या उद्योगांनी आणि बचत गटांनी वार्षिक शुल्क एका सामाईक खात्यात जमा करावे, मान्यताप्राप्त यादीतील संस्थांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढाव्यात आणि काही नमुन्यांची फेरतपासणी १९७६ पासून चालू असलेल्या परभणीच्या अन्नतंत्र महाविद्यालयाकडे मागावी. खाते कोणाच्या नावाने उघडायचे, यावर मात्र चहाच्या वेळी वाद होणार हे निश्चित.