खुरपणी करताना पायाची नस सांभाळा



तणांविषयी मी नेहमी बोलतो. आज तण काढणाऱ्याच्या पायाविषयी बोलणार आहे.

पदव्युत्तर शिक्षण घेताना प्रयोगाच्या वाफ्यांत तणांची मोजणी करीत मी सकाळपासून दुपारपर्यंत उकिडवा बसलो होतो. पायाला मुंग्या आल्या, तिकडे लक्ष दिले नाही. उठलो तर उजवे पाऊल वर उचलेना. चप्पल निसटू लागली, बांधावर ठेच लागली. पाऊल पूर्ववत व्हायला दोन महिने लागले. माझे निभावले, रोजाने जाणाऱ्या बाईचे कसे निभावेल?

असे का होते? गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला हाडाचा उंचवटा हाताला लागतो. त्याला वळसा घालून एक नस अगदी कातडीखालून जाते. घोटा व बोटे वर उचलण्याचे काम तिच्यावर चालते. फार वेळ उकिडवे बसल्यास ती दाबली जाते. इंग्रजीत हा विकार स्ट्रॉबेरी तोडणाऱ्यांच्या नावानेही ओळखला जातो. आपल्याकडे महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी असो, कांदा लागवड असो की खुरपणी, बैठक तीच.

यासाठी पुढील काळजी घ्यावी :

१. अर्ध्या तासाने उठावे, चार पावले चालावे. मुंग्या येताच बैठक बदलावी.

२. बसायला बुटका पाट किंवा स्टूल घ्यावे.

३. सोयाबीन ४५ सें.मी. अंतरावर ओळीत पेरावे. वाफसा असताना पंधरा-वीस दिवसांनी पहिली व तीस-पस्तीस दिवसांनी दुसरी कोळपणी करावी. ओळींमधले तण कोळप्याने निघते. खुरप्याला फक्त ओळीतले उरते. बैल नसतील तर सायकल कोळपे उभ्याने चालवता येते.

पाऊल उचलेनासे झाले तर चोळण्यात दिवस घालवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कंबरेतील नस दाबणे, मधुमेह, कुष्ठरोग यांमुळेही असे होते. अंगावर बधिर चट्टा असल्यास तो आवर्जून दाखवा. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. तोंड वाकडे झाले, हातातली शक्ती गेली, तर क्षणभरही थांबू नका. केवळ दाबामुळे आलेला विकार बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरा होतो. तोवर डॉक्टरांच्या सल्ल्याने पाऊल काटकोनात धरणारा पट्टा वापरावा, व्यायाम करावा.

मजुराने दहा मिनिटे पाय मोकळे केले तर खुरपणी मागे पडत नाही. पाऊल पडले तर मात्र त्या घरची चूल अडते.